घरच्यांसाठी कापडी मास्क शिवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात कोविडमुळे आलेली मास्कची सक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी संपली. प्रश्न मात्र अजून येतात. थंडीत घरात कुणी खोकायला लागलं, मळणी सुरू झाली, शेजारी बांधकाम निघालं की शिवणवर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा तीच विचारणा होते. म्हणून ही उत्तरं एका जागी केली आहेत. मापं इंचांत दिली आहेत, कारण टेप हातात घेतला की आपण सगळे इंचच बघतो.

एक गोष्ट आधीच सांगते. येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे कापडाबद्दल असतात. कापड महत्त्वाचं आहेच, पण उत्तम कापडाचा सैल मास्क साध्या कापडाच्या नीट बसलेल्या मास्कपुढे कमीच पडतो. वेळ कमी असेल तर प्र. ७, ११ आणि १३ तरी वाचा.

१. मी आजवर बटणसुद्धा लावलेलं नाही. मला जमेल का?

जमेल. चुण्यांच्या मास्कमध्ये सगळ्या शिलाया सरळ असतात. गळा नाही, बाही नाही, वळणाचा काप नाही. ब्लाऊज शिकायच्या आधी हात बसवायला याहून सोपं काही नाही. पहिला मास्क जुन्या उशीच्या अभ्र्याचा शिवा, म्हणजे बिघडला तरी वाईट वाटणार नाही. कपासारखा, नाकाशी टोक असलेला मास्क दिसायला छान असतो, पण त्याला वळणाची शिलाई आणि वळणावर कात्रीचे बारीक छेद लागतात. तो दुसऱ्या टप्प्यावर शिका.

२. शिवणयंत्र नाही. हाताने शिवलेला मास्क धुण्यात उसवतो का?

नुसत्या धावदोऱ्याने शिवलात तर कोपऱ्यांशी उसवतो. कडेच्या शिलाईला बखिया घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई अर्धा टाका मागे नेऊन पुढे काढा. चुण्या धरून ठेवायला आधी धावदोरा चालतो, पण नंतर त्यावरूनही बखिया फिरवा. इलास्टिक किंवा नाडी जोडली आहे तिथे तीन-चार टाके एकावर एक घ्या. दोरा दुहेरी घेतलात तर आणखी बरं. पहिल्या मास्कला तास-दीड तास लागेल, पुढचे भराभर होतील.

३. घरात काय काय लागेल?

कात्री, टेप, खडू किंवा पेन्सिल, टाचण्या, सुई, सुती किंवा पॉलिस्टरचा दोरा, इस्त्री, पाव इंची इलास्टिक किंवा नाडीसाठी कापड, आणि नाकाशी घालायला तार (प्र. १२). इस्त्री यादीत आहे ती उगाच नाही. चुण्या इस्त्रीने दाबून घेतल्या की अर्धं काम झालं.

४. कापड कोणतं घ्यावं? आईच्या जुन्या सुती साड्या आहेत, त्या चालतील का?

घट्ट विणीचं शंभर टक्के सुती कापड घ्या. पॉपलिन, केंब्रिक, चांगल्या प्रतीची चादर, पुरुषांचा सुती सदरा, न विरलेला अभ्रा, हे सगळं चालतं. परीक्षा सोपी आहे. कापड खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर धरा. उजेड ठिपक्याठिपक्यांनी पार येत असेल तर वीण सैल आहे. मग ते बाजूला ठेवा किंवा एक पदर जास्त घ्या.

जुनी साडी मऊ असते आणि चेहऱ्याला सुखाची वाटते, म्हणून अस्तराला उत्तम. पण नेसून नेसून विरलेली असेल तर बाहेरचा पदर तिचा करू नका. साडीतही पदराजवळचा आणि निऱ्यांच्या आतला भाग कमी झिजलेला असतो, तिथून कापा. मलमल आणि पंचाचं कापड फार विरळ. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं की भोकं मोठी होतात, शिवाय नवख्या हाताला ते यंत्राखाली लांबत जातं. ब्लाऊजच्या अस्तरासाठी दुकानात 'कॉटन' म्हणून मिळणाऱ्या कापडात बऱ्याचदा पॉलिस्टरची भेसळ असते. एक धागा काढून जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

आणि श्वास घेऊन बघा. कापडाचे ठरवलेले सगळे पदर तोंडावर दाबून धरल्यावर श्वास ओढावा लागत असेल तर ते कापड कितीही घट्ट विणीचं असलं तरी उपयोगाचं नाही. श्वास घेता येत नाही असा मास्क माणूस हनुवटीवर ओढून ठेवतो.

५. दोन पदर की तीन?

धूळ, पिठाची गिरणी, झाडलोट यांसाठी दोन पुरतात. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल आणि बाकीच्यांना जपायचं असेल तर तीन करा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये तीन पदरांची शिफारस केली होती. आत ओल शोषणारं सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रोपिलीन, बाहेर ओल सहज न धरणारं पॉलिस्टरचं किंवा मिश्र कापड. तिन्ही पदर सुतीच ठेवलेत तरी घरगुती वापराला चालतं. चार-पाच पदर करू नका. यंत्राची सुई चुण्यांवर अडते आणि श्वासही अडतो. मधल्या पदराबद्दल प्र. १५ मध्ये आहे.

६. नवीन कापड आधी धुवायचंच का? घाई आहे.

धुवायचंच. कोऱ्या कापडाला खळ असते आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न धुता शिवलेला मोठ्यांचा मास्क दोन धुण्यांत मुलांच्या मापाचा होतो. गरम पाण्यात भिजवा, धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच खडू लावा. बांधणीचं किंवा गडद रंगाचं कापड असेल तर रंग जातो का तेही तेव्हाच कळतं.

७. घरात आम्ही पाच जण आहोत, सगळ्यांना एकच माप चालेल का?

नाही. सगळ्यात जास्त मास्क इथेच बिघडतात. टेप घ्या आणि प्रत्येकाची दोन मापं घ्या. एक, नाकाच्या हाडापासून नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीखालपर्यंत. दुसरं, एका कानाच्या पुढून नाकावरून दुसऱ्या कानाच्या पुढपर्यंत. उभ्या मापात बोलताना जबडा उघडतो त्याची जागा धरायची, म्हणून माप घेताना तोंड थोडं उघडायला सांगा.

कापायचे तुकडे साधारण असे. मोठ्या माणसाला ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ८ बाय ६. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला ७ बाय ५. यात चारी बाजूंची पाव-पाव इंच माया, म्हणजे शिलाईसाठी सोडायची जागा, धरलेली आहे. ही सुरुवातीची मापं समजा. उभं माप तयार मास्कच्या उंचीपेक्षा जास्त भरलं तर तुकडा अर्धा इंच उंच घ्या. रुंदीत मात्र उगाच वाढवू नका. रुंद मास्क कानाकडे जाऊन गालाशी फुगतो.

८. एक मीटर कापडात किती मास्क होतात?

३६ इंची पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) एका मीटरमध्ये मोठ्या मापाचे २० तुकडे निघतात, म्हणजे दोन पदरी १० मास्क. पन्ह्यात ७ इंचाचे पाच तुकडे बसतात आणि किनारीसाठी एक इंच उरतो. लांबीत ९ इंचाचे चार बसतात आणि आटण्यासाठी तीन इंच हाताशी राहतात. तीन पदरी केलेत तर सहा मास्क होऊन दोन तुकडे उरतील. नाड्यांचं कापड यात धरलेलं नाही. तुकडे उभ्या-आडव्या धाग्यातच कापा. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला तुकडा ताणला जाऊन तिरका बसतो.

माणशी किमान तीन मास्क ठेवा. एक वापरात, एक धुण्यात, एक वाळत. पावसाळ्यात कोकणात तीनही कमी पडतील.

९. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा शिवायचा, एकदा क्रमाने सांगाल का?

इलास्टिकचा, दोन पदरी, मोठ्या माणसाचा मास्क धरून सांगते. नाकपट्टी घालायची असेल तर तिचा खिसा सगळ्यात आधी अस्तराच्या तुकड्यावर शिवून घ्या (प्र. १२).

दोन्ही तुकडे सुलट बाजू आत, एकमेकींना लावून ठेवा. डाव्या बाजूला इलास्टिकचा एक तुकडा घ्या. त्याचं एक टोक वरच्या कोपऱ्यापासून अर्धा इंच खाली आणि दुसरं खालच्या कोपऱ्यापासून अर्धा इंच वर येईल असं दोन कापडांच्या मध्ये ठेवा. टोकं कापडाच्या कडेला टेकलेली हवीत आणि इलास्टिकचा फास आत, कापडांच्या पोटात हवा. इथेच सगळे चुकतात. फास बाहेर ठेवून शिवलं तर मास्क उलटल्यावर तो आत अडकतो आणि सगळं उसवावं लागतं. इलास्टिकला पीळ पडलेला नाही ना ते पाहून टाचण्या लावा. उजवीकडेही तसंच.

आता खालच्या कडेच्या मध्यापासून जरा बाजूने सुरुवात करून पाव इंच माया ठेवत चारी बाजू शिवा. शेवटी दोन इंच जागा उघडी सोडा. कोपऱ्यावर आलात की सुई कापडात खाली ठेवूनच यंत्राचा पाय (कापड दाबून धरणारा भाग) उचला, कापड वळवा, पाय खाली करा. इलास्टिकवरून पुढे-मागे दोनदा शिलाई न्या. चारी कोपरे शिलाईला धक्का न लावता तिरके छाटा. उघड्या जागेतून मास्क सुलटा करा. कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहेर काढा, कात्रीच्या टोकाने नको. इस्त्री फिरवा. उघडी जागा आत दुमडून दाबून घ्या.

आता चुण्या. मास्कची उंची साडेसहा इंच झालेली असेल. वरून साधारण सव्वा इंच सोडून पहिली चुणी घाला, मग समान अंतरावर आणखी दोन. प्रत्येक चुणी अर्धा इंच खोल, म्हणजे ती एक इंच कापड खाते. तीन चुण्यांनंतर बाजूची उंची साडेतीन इंच राहायला हवी. टाचण्या लावा, इस्त्रीने दाबा, दोन्ही बाजू मोजून सारख्या करा. शेवटी कडेकडेने चारी बाजूंनी वरून शिलाई मारा. उघडी राहिलेली जागाही त्यातच बंद होते. चुण्यांच्या बाजूंवर दुसरी शिलाई हवीच.

मुलांच्या ७ बाय ५ मापाला तीनऐवजी दोनच चुण्या घ्या, बाजू अडीच इंच राहील.

१०. चुण्यांची तोंडं वर की खाली?

बाहेरून बघताना खाली. वर ठेवली तर धूळ त्या खिशांत साठते.

११. इलास्टिक लावावं की नाडी? आणि किती लांब?

रोज घालायला-काढायला इलास्टिक सोयीचं. नीट बसण्यात, धुण्यात, उकळण्यात आणि टिकण्यात नाडीच सरस. मला विचाराल तर घरच्या मोठ्यांना नाडीचा आणि मुलांना इलास्टिकचा द्या, कारण मुलांना मागे गाठ मारता येत नाही.

इलास्टिक मोठ्यांना साडेसहा ते सात इंच, मुलांना पाच ते साडेपाच, दोन बाजूंना एकेक. हे आकडे अंदाजाचे आहेत. शिवण्याआधी मास्कचा तुकडा चेहऱ्यावर धरून, टाचणीने नव्हे तर कपड्याच्या चिमट्याने इलास्टिक लावून बघा. कान पुढे वाकत असेल तर अर्धा इंच वाढवा.

नाडीसाठी दीड इंच रुंद आणि ४० इंच लांब अशा दोन पट्ट्या कापा. मास्कच्या वरच्या-खालच्या कडाच तेवढ्या शिवून सुलटा करा, चुण्या घाला, मग प्रत्येक उघड्या बाजूवर पट्टी मधोमध बसवून चौघडी दुमडा आणि टोकापासून टोकापर्यंत एकच शिलाई न्या. वर-खाली अठरा-अठरा इंच नाडी मोकळी राहते. वरची नाडी कानांवरून डोक्याच्या मागे, खालची मानेवर. चारी टोकं कानाजवळ बांधली तर नाडी लावण्यात अर्थ उरत नाही.

दुकानात इलास्टिक संपलं असेल तर जुन्या टी-शर्टची इंचभर रुंद आडवी पट्टी कापून ओढा. ती आपोआप गोल वळते आणि कानाला मऊ लागते.

१२. नाकाजवळ तार कोणती घालू? कागदाची पिन घातली ती गंजली.

लोखंडी पिन गंजणारच. पातळ ॲल्युमिनिअमची पट्टी उत्तम. नाहीतर प्लास्टिकचं आवरण तसंच ठेवलेली एकपदरी तांब्याची तार, किंवा ब्रेडच्या पुड्याला येणाऱ्या तारेच्या दोन-तीन पट्ट्या एकत्र गुंडाळून. लांबी साडेतीन ते चार इंच. दोन्ही टोकं चिमट्याने आत वळवा, नाहीतर आठवड्याभरात ती कापड भोसकून बाहेर येतात.

तार कायमची शिवून टाकू नका. पाच इंच लांब, सव्वा इंच रुंद पट्टी घ्या, कडा आत दुमडा आणि अस्तराच्या तुकड्यावर, तोंडाकडे येणाऱ्या बाजूला, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली मधोमध शिवा. पट्टीचं एक टोक उघडं ठेवा. धुताना तार काढायची, घालताना परत सरकवायची. मुलांच्या मास्कला तार नसली तरी चालते. लहान मुलं ती काढून चावतात.

१३. शिवला सुंदर, पण गालाजवळ फट राहते. काय करू?

आरशासमोर मास्क लावा आणि जोराने श्वास सोडा. हवा कुठून निसटते ते तळहात गालाजवळ, डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली धरून बघा. मास्क चांगला बसला असेल तर श्वास घेताना कापड किंचित आत ओढलं जातं आणि सोडताना फुगतं. अजिबात हललं नाही तर हवा कडेनेच ये-जा करते आहे, कापडातून नव्हे. मग कापड कितीही भारी असो.

गालाशी फट असेल तर इलास्टिक सैल आहे. कानाजवळ एक लहान गाठ मारून बघा, जमलं तर तेवढं इलास्टिक कमी करा. तरीही फट राहिली तर मास्क रुंद झाला आहे. दोन्ही बाजू अर्धा-अर्धा इंच आत दुमडून शिवा. डोळ्यांखाली फट असेल तर प्र. १२. हनुवटीवरून मास्क बोलताना वर सरकत असेल तर उंची कमी पडते. तो मास्क घरातल्या लहान चेहऱ्याच्या माणसाला द्या आणि नवा कापा. त्याला वरून पट्टी जोडत बसण्यात वेळ जातो आणि दिसतोही वाईट.

१४. यंत्रावर खालून दोऱ्याचा गुंता होतो, चुण्यांवर सुई मोडते.

खाली गुंता झाला की सगळे बॉबिन उघडून बसतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. पाय उचलून वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा, तो ताणाच्या चकत्यांच्या मध्ये बसला पाहिजे. शिलाई सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. पाय खाली करायला विसरलात तरी असाच गुंता होतो.

सुई मोडते ती जाडीमुळे. दोन पदरांना १४ नंबरची सुई चालते. चुण्यांच्या कडेला पदर सहा-आठ होतात, तिथे १६ नंबर लावा आणि तेवढं अंतर पायाने न चालवता चाक हाताने फिरवून काढा. टाचण्यांवरून शिवू नका, जवळ आली की काढा. आणि यंत्राला नुकतं तेल दिलं असेल तर आधी चिंधीवर दहा-पंधरा ओळी शिवा. तेलाचा डाग नेमका नाकाशी येतो.

१५. मध्ये फिल्टर म्हणून काय घालू? टिश्यू पेपर, ओले वाइप्स, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी?

टिश्यू श्वासाच्या ओलीने लगदा होतो. ओल्या वाइप्समधून श्वास नीट घेता येत नाही आणि त्यातली रसायनं नाकाशी येतात. व्हॅक्यूम किंवा एसीच्या फिल्टरमध्ये काचतंतू असू शकतात, ते फुप्फुसात जाणं धुळीपेक्षा वाईट. हे तिन्ही नको.

लग्नाच्या अहेरात आणि साडीच्या दुकानात मिळालेल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या घरोघरी साठलेल्या आहेत. त्या न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या असतात. छपाई नसलेला भाग धुऊन मधला पदर म्हणून शिवता येतो. पण पिशवीला आतून चकचकीत प्लास्टिकचा थर असेल तर ती घेऊ नका, त्यातून हवाच जात नाही. दुसरी खबरदारी इस्त्रीची. पॉलिप्रोपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि सुतीवर लावलेली इस्त्री त्याहून तापते. अशा मास्कच्या चुण्या मंद इस्त्रीने, वर ओला रुमाल टाकून दाबा.

१६. धुवायचा कसा? कुकरमध्ये उकडायचा असं कुणीतरी सांगितलं होतं.

ते खरंच सांगितलं गेलं होतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या घरगुती मास्कच्या पुस्तिकेत साबण आणि गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात किमान पाच तास वाळवणं, किंवा मिठाच्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये दहा मिनिटं, कुकर नसेल तर पंधरा मिनिटं उकळणं असे पर्याय होते. रोजच्या वापराला साबण आणि गरम पाणी पुरतं. घरात आजारी माणूस असेल तर उकळा. नाडीचा सुती मास्क हे सगळं सोसतो. इलास्टिक मात्र दोन-चार उकळ्यांत ढिलं पडतं. ब्लीच वापरू नका, वास राहतो आणि कातडीला खाज सुटते.

दिवसभर वापरला की धुवायचाच. घामाने किंवा श्वासाने ओला झाला असेल तर दिवस संपायची वाटही बघू नका. पावसाळ्यात उन्हाचा पत्ता नसताना धुतलेला मास्क पंख्याखाली वाळवून शेवटी इस्त्री फिरवा. दमट मास्क घडी करून ठेवला की कुबट वास येतो आणि तो जात नाही.

१७. लहान मुलांना कोणत्या वयापासून? आमची मुलगी चार वर्षांची आहे.

चार वर्षांच्या मुलीसाठी शिवू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची गरज नसल्याचं सांगितलं होतं. दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच नाही, गुदमरण्याचा धोका असतो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या नजरेखाली. झोपताना, पळापळीच्या खेळात, पोहताना कुणालाच नको. मुलांच्या मास्कला मणी, बटणं, टिकल्या लावू नका. गळ्यात अडकवायची लांब दोरीही नको, ती घसरगुंडीवर अडकते.

१८. सासऱ्यांना श्रवणयंत्र आहे. मास्क काढताना ते दोनदा पडलं.

कानावरचं इलास्टिक श्रवणयंत्राला ओढतं. त्यांना नाडीचाच मास्क द्या (प्र. ११), किंवा इलास्टिकचे दोन फास डोक्यामागे जोडणारी चार इंची पट्टी शिवा, तिच्या दोन्ही टोकांना एकेक मोठं बटण. फास कानांऐवजी बटणांत अडकवायचे. अंबाडा घालणाऱ्या आजी, फेटा बांधणारे आजोबा, कानात बुगडी असणाऱ्या बायका या सगळ्यांना ही पट्टी उपयोगी पडते. आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घेतात. त्यांच्याशी बोलताना जरा अंतर ठेवून मास्क खाली घेतलात तर ते जास्त सोयीचं.

१९. दाढी असेल तर?

भरघोस दाढीवर कोणताच मास्क नीट टेकत नाही, दुकानातला एन-९५ सुद्धा. उंची इंचभर वाढवा आणि नाडी लावा. तरी फट राहणारच.

२०. लग्नासाठी खणाचे किंवा पैठणीच्या काठाचे मास्क शिवायचे आहेत. सांगाल?

बाहेरच्या पदराला खण चालतो. आत दोन पदर सुती घ्या, कारण खणात रेशीम किंवा कृत्रिम धागा असतो आणि काठाची जर नाकाला बोचते. काठ मास्कच्या खालच्या बाजूला घ्या, वर नको, चुण्यांत तो जाड होतो. खण आधी वेगळा धुवा, रंग जातो. पैठणीचा तुकडा रोज धुता येत नाही, म्हणून तो फोटोपुरता मास्क. तसं समजून शिवायला हरकत नाही. नथ घालायची असेल तर चापाची घ्या आणि मास्क काढल्यावरच लावा. मास्कच्या आत नथ घातली तर मोती गालात रुततात आणि कापडही वर उचललं जातं.

२१. आमचा मास्क एन-९५ इतका काम करेल का? शहरात धूर फार आहे.

नाही. एन-९५ मध्ये विद्युतभारित तंतूंचा थर असतो आणि तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. म्हणूनच तो धुतला की निकामी होतो, भार निघून जातो. सुती कापडाची भोकं त्या मानाने फार मोठी. कापडी मास्क तुमच्या खोकण्या-शिंकण्यातले थेंब अडवतो, जाड धूळ, पिठी, मिरची कांडतानाचा खाट कमी करतो. धुरातले अतिबारीक (पीएम २.५) कण त्यातून जातात. दम्याचा रुग्ण, केमोथेरपी चालू असलेला माणूस, क्षयरोग्याची शुश्रूषा करणारे यांनी डॉक्टर सांगतील तोच मास्क वापरावा. प्रेमाने शिवून दिलेला असला तरी हा नाही.

२२. शेतात फवारणीच्या वेळी दोन मास्क एकावर एक लावले तर चालतील का?

अजिबात नाही. कीटकनाशकाची वाफ कापडातून सरळ जाते, आणि ओला झालेला मास्क ते औषध तोंडाला चिकटवून ठेवतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीला सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क, हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे लागतात. साधा एन-९५ सुद्धा वाफ अडवत नाही. वेल्डिंग, दगड कापणं, रंगाची फवारणी, यांनाही कापडी मास्क चालत नाही. मळणीच्या भुशाला मात्र कापडी मास्क बरा, अंगावर भुसा बसलेला मास्क तोंडावरून काढताना बाहेरच झटका.

२३. श्वास मोकळा व्हावा म्हणून व्हॉल्व्ह बसवू का?

नको. व्हॉल्व्हमधून तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो. घरातल्या आजारी माणसाने असा मास्क लावला तर बाकीच्यांना काहीच उपयोग नाही. श्वास कोंडत असेल तर पदर कमी करा किंवा कापड बदला (प्र. ४).

२४. मास्क किती दिवस वापरावा?

दिवस मोजू नका, दिव्यासमोर धरा. शिवला तेव्हापेक्षा उजेड जास्त पार येत असेल, नाकाशी कापड गोळ्यांनी भरलं असेल किंवा इलास्टिक ओढल्यावर परत येत नसेल तर बदला. कापड चांगलं असून इलास्टिकच गेलं असेल तर बाजूची शिलाई उसवून नवीन घाला, नाहीतर नाडीचा करा.

२५. धातूची पट्टी असलेला मास्क मायक्रोवेव्हमध्ये निर्जंतुक केला तर? आणि आईचं एमआरआय आहे, तिथे चालेल का?

मायक्रोवेव्हमध्ये तारेमुळे ठिणग्या उडतात. तार काढली तरी कोरडं कापड आत पेटू शकतं. ते करूच नका, प्र. १६ मधलं उकळणं पुरेसं आहे.

एमआरआयच्या खोलीत धातूची पट्टी, धातूच्या तारेचं भरतकाम किंवा जर असलेला मास्क नेऊ नये. यंत्रात धातू तापतो आणि चेहऱ्याला भाजतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२० मध्ये असाच इशारा दिला होता. आईसाठी तारेचा खिसा नसलेला, साध्या नाडीचा एक मास्क वेगळा शिवा आणि तपासणीच्या फायलीतच ठेवून द्या. आत जाताना तंत्रज्ञाला तो दाखवून विचारा. तिथे त्यांचं म्हणणं शेवटचं.